ताप आधी, की फेरीबोट?

भाई, काल तुमचा तेरावा झाला, आणि आज सकाळपासून मी शालूमावशीला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अगे, चाळीस वर्षांपूर्वीचा ताप तो. आता मोजून काय करणार तू?" बरोबर आहे तिचं. पण मला दुसरं काही सुचत नाही. भांडी घासायला घेते आणि तशीच उभी राहते. मघाशी तुमच्या जावयाने, मिलिंदने, येऊन नळ बंद केला.

हे सगळं डेक्लनमुळे झालं. तुमचा डेक्लन, आमच्या समोरच्या घरांच्या रांगेतला, आयुष्यभर डब्लिनची बस चालवून निवृत्त झालेला, रोज सकाळी तुमच्याबरोबर ॲडम्सटाउनच्या स्टेशनापर्यंत चालत जाऊन दोन गाड्या बघून परत येणारा. काल तो सगळ्यांच्या आधी आला. हातात अंड्याच्या सँडविचचा मोठा ट्रे. कुणी गेलं की त्या घरी सँडविच घेऊन जायचं, हे त्याला लहानपणापासून माहीत. तेराव्याला अंडं चालत नाही हे त्याला कुणी सांगायचं? मी ट्रे घेतला आणि आत ठेवला. तो सगळा वेळ कोपऱ्यात बसून होता, गुडघ्यांवर हात ठेवून. निघताना दारात थांबला.

"तुझ्या वडिलांनी मला त्या मतदानाचं सांगितलं होतं," तो म्हणाला. "स्लायगोला जाताना, गाडीत. तू तेव्हा किती आजारी होतीस ते. मीही तेच केलं असतं. कुठल्याही बापाने तेच केलं असतं."

मी विचारलं, "कोण आजारी होतं?"

"तू," तो म्हणाला.

मी आजारी नव्हते, भाई. निदान काल संध्याकाळपर्यंत तरी नव्हते.

तुम्ही नेहमी म्हणायचात, आधी घटनाक्रम, मग युक्तिवाद. तर मी ओळीने मांडून बघते. चुकलं तर थांबवायला तुम्ही नाही, ही अडचण आहेच.

तुम्ही डिचोलीच्या कोर्टात वकिली करायचात. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत पिढ्यान्‌पिढ्या घर बांधून राहिलेली, आणि एका नोटिशीने रस्त्यावर येऊ शकणारी जी माणसं असतात, ते मुंडकार, त्यांचे दावे तुमच्याकडे असायचे. सकाळी आमच्या व्हरांड्यात ती माणसं पायऱ्यांवर बसलेली असायची आणि आई आतून म्हणायची, वर बसायला सांगा त्यांना. ती कधी वर बसली नाहीत. त्यांनीच तुम्हाला निवडणुकीला उभं केलं आणि निवडून आणलं. तेव्हा गोवा राज्य नव्हतं, केंद्रशासित प्रदेश होता. तीस आमदारांची इवलीशी विधानसभा. आई म्हणायची, आमच्या लग्नाच्या पहिल्या पंगतीला याहून जास्त माणसं होती.

घरात आपण कोंकणी बोलायचो. कोंकणीत मी तुम्हाला 'तूं' म्हणायचे, शेवटपर्यंत फोनवर तेच म्हणाले. पण लिहायला बसलं की आपल्या घरात सगळेच मराठीत लिहितात, आणि मराठीत तुम्ही आपोआप 'तुम्ही' होता. हे असं का, ते मी लहानपणी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "एक घराची भाषा, एक देवघराची. दोन्ही आपल्याच." मला ते उत्तर पुरलं. लोकांना पुरलं नाही. ती वर्षंच तशी होती. कुठली भाषा आपली, यावरून भाऊ भावाशी बोलेनासे झाले होते, आणि तुम्ही मराठीच्या बाजूचे. गावातलं मराठी वाचनालय तुम्ही काढलेलं, गणपतीत मराठी नाटकं तुम्ही बसवलेली. विधानसभेत मराठीच्या बाजूचा ठराव येणार म्हटल्यावर देवळासमोरच्या सभेत तुम्ही म्हणालात, "पहिला हात माझा वर जाईल." मी तिथे होते. आईच्या मांडीवर बसून चणे खात होते. टाळ्या खूप वाजल्या, हे आठवतं.

मतदानाच्या दिवशी तुमची खुर्ची रिकामी होती.

ठराव पडला. तुमच्या एका मताने काही झालं नसतं, चांगल्या फरकाने पडला. पण लोकांच्या लक्षात राहिली ती तुमची खुर्ची. मराठीवाले म्हणाले, विकला गेला. कोंकणीवाले म्हणाले, भ्याला. तुम्ही एका शब्दाने खुलासा केला नाहीत. सभेत नाही, वर्तमानपत्रात नाही, पायऱ्यांवर बसणाऱ्या माणसांपाशी नाही. वाचनालयाच्या भिंतीवर कार्यकारिणीची पाटी होती, तिच्यावरचं तुमचं नाव रंगाने पुसलं. मी तिसरीत होते. शाळेत मला 'पळपुट्याची पोर' म्हणायला लागले, ते सातवीपर्यंत म्हणत राहिले. मग गोवा राज्य झालं, नव्या विधानसभेच्या निवडणुकीत तुम्ही पडलात, आणि काळा कोट घालून पुन्हा डिचोलीच्या कोर्टात जायला लागलात, पंचाहत्तरी उलटेपर्यंत. तुमच्या तोंडून त्या खुर्चीबद्दल कधी काही आलं नाही. आईनेही कधी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

आता त्या दिवसाचं मला जे आठवतं ते. तुम्हाला मी हे सांगितलेलं आहे, तरी पुन्हा सांगते.

मी वर्गात होते. दारात तुम्ही उभे. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. बाई म्हणाल्या, दप्तर घे आणि जा. गाडीत मी पुढच्या सीटवर बसले, एरवी तिथे आई बसायची, म्हणून मला फार भारी वाटलं. आपण नदीवर गेलो आणि गाडी फेरीबोटीत चढवली. पलीकडे उतरल्यावर तुम्ही मला लिंबूसोडा घेऊन दिलात. तुम्ही प्यायला नाहीत. मग परत फेरीबोट, परत घर. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही, कारण आठवड्याच्या मधल्या वारी अशी सुट्टी मिळाल्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. माझ्या लहानपणातला तो सगळ्यांत चांगला दिवस होता, भाई. दहावीत असताना तुमच्या कपाटात मतदानाच्या बातमीचं कात्रण सापडलं. तारीख बघितली, वार बघितला, शाळेत वार्षिक स्नेहसंमेलन कधी होतं ते जुळवलं, आणि कळलं की तो हाच दिवस. त्या दिवसापासून तो चांगला राहिला नाही. मला वाटलं, तुम्हाला कुठेतरी लपायचं होतं आणि लपताना हातात धरायला मी सापडले.

हे मी तुम्हाला तीस वर्षं बोलले नाही. राग होता असंही म्हणता येणार नाही. तुमच्याशी फोनवर बोलताना मी नेहमी काहीतरी दुसरंही करत असायचे, एवढंच.

आई गेल्यावर मी तुम्हाला इथे बोलावलं. तुमच्या पिढीला पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, तो घ्या म्हटलं, म्हणजे आयर्लंडमध्ये कायमचं राहता येईल. तुम्ही फोनवर म्हणालात, "पोर्तुगीज गेले तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. रस्त्यात नाचलोय. आता त्यांच्याच दारात जाऊन सांगू, मी तुमचाच होतो?" मी म्हटलं, भाई, आमच्या कंपनीत अर्ध्या गोव्याने तो घेतलाय. तुम्ही म्हणालात, "त्यांना लखलाभ. पोटासाठी घेतला त्यांनी. मला पोटाचं काय आता?" आपण त्यावरून वर्षभर भांडलो. शेवटी तुम्ही दर उन्हाळ्यात पाहुण्यासारखे नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन यायला लागलात, तीन वर्षं. दर वेळी विमानतळावर अधिकारी विचारायचा, परत कधी जाणार? आणि तुम्ही तिकीट आधीच हातात काढून ठेवलेलं असायचं. मला ते बघवायचं नाही. तुम्हाला त्यात कसला आनंद व्हायचा कोण जाणे. आणि मला तेव्हाही हेच कळेना, की जो माणूस म्हातारपणी मुलीजवळ राहता यावं म्हणूनसुद्धा एका सहीला तयार होत नाही, तो चव्वेचाळिसाव्या वर्षी हात वर करायच्या वेळी कुठे गेला?

इथे तुम्ही माझ्यापेक्षा लवकर रुळलात. मला सतरा वर्षं झाली, स्वोर्ड्सजवळच्या औषधांच्या कारखान्यात जाते आणि येते, शेजारच्या घरातल्या बाईचं आडनाव मला माहीत नव्हतं. तुम्हाला पंधरा दिवसांत तिच्या मुलाच्या दम्याचं माहीत होतं. सुरुवातीला डेक्लनच्या बोलण्याने तुमची फार गडबड उडाली. इथे कुणाही तिऱ्हाइताला 'युअर मॅन' म्हणतात. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "हा मला सारखा सांगतो, तुझ्या माणसाने दुकान बंद केलं, तुझा माणूस दारू पितो. माझा इथे कोण माणूस? मी कुणालाच नेमलेलं नाही." ईरा इतकी हसली की तिला उचकी लागली. तुमच्या नातीला मराठी कळतं पण ती उत्तर इंग्रजीत देते, तेही इथल्या हेलात, आणि तुम्ही तिच्याशी कोंकणीत बोलायचात. तिला दोन्हींतला फरकच कळत नव्हता. एकदा ती शाळेतला आयरिशचा धडा घोकत होती, तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. "ही भाषा बोलतं कोण?" तुम्ही विचारलंत. ती म्हणाली, "नोबडी, आजोबा. वी जस्ट हॅव टू पास इट." तुम्ही हसला नाहीत. उठून खिडकीशी जाऊन उभे राहिलात. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मी तेव्हा तुमच्याजवळ यायला हवं होतं का, मला माहीत नाही.

मग ती बैठक. ईराच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर पोरांना ओलांडायला धड जागा नाही, त्यासाठी शाळेच्या हॉलमध्ये रहिवाशांना बोलावलं होतं. डेक्लन तुम्हाला घेऊन गेला, मी मागून कामावरून थेट आले. कौन्सिलचा माणूस पडद्यावर नकाशे दाखवत होता आणि म्हणत होता, प्रस्ताव विचाराधीन आहे. मी बघते तर तुम्ही उभे. पाठ ताठ, एक हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर.

"अध्यक्षमहाराज, आपल्या अनुमतीने," तुम्ही इंग्रजीत म्हणालात. अध्यक्ष असं तिथे कुणी नव्हतंच. "आपण म्हणता विचाराधीन आहे. विचार कोण करत आहे, त्यांचं नाव सांगावं. आणि विचार कोणत्या तारखेला संपेल, ती तारीख कागदावर द्यावी."

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. नगरसेविका, पोरसवदा मुलगी, बैठक संपल्यावर तुमच्याकडे आली आणि हात हातात घेऊन म्हणाली, तुम्ही हे काम आधी केलेलं दिसतंय. तुम्ही म्हणालात, "थोडे दिवस." तुमच्या चेहऱ्यावर मी तसा उजेड कधी पाहिला नव्हता. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. पण त्याच्यामागून लगेच दुसरंच काही वर आलं, आणि घरी चालत येताना मी बोलून गेले.

"इथे परक्यांच्या रस्त्यासाठी उभे राहिलात. मग त्या दिवशी का नाही?"

तुम्ही चालत राहिलात. डेक्लन पुढे होता, त्याला आपली भाषा कळत नव्हती. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, "मला शाळेतून उचललंत आणि फेरीबोटीत घालून फिरवलंत. मी मोठेपणी ते सगळं जुळवलं. तुम्हाला लपायला कुणीतरी हवं होतं."

तेव्हा तुम्ही थांबलात. विचारलंत, "तुला काय आठवतं?"

मी सगळं सांगितलं. दारातला शर्ट, पुढची सीट, सोडा, पलीकडचा किनारा. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत, साक्षीदाराचं ऐकतात तसं, मध्ये एकदाही न तोडता. मग विचारलंत, "आणखी काही?"

"नाही."

"डॉक्टर?"

"कुठला डॉक्टर?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "नाही आठवत तर नसेल. तू म्हणतेस तसंच असेल." आणि चालायला लागलात.

मला वाटलं, तुम्ही कबुली दिलीत. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तीस वर्षांनी खटला जिंकल्यासारखं. 'डॉक्टर' हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला. कामावर मी हेच करते, भाई, औषधाची एखादी खेप बिघडली की मूळ कारण शोधते. समोरच्याने जाता जाता टाकलेला शब्द पकडण्याचा मला पगार मिळतो. आणि घरी तो माझ्या हातून असा निसटला.

त्याच शनिवारी तुम्ही डेक्लनबरोबर स्लायगोला गेलात. तुमचं केव्हापासून चाललं होतं की डब्लिनचा समुद्र उलटा आहे, इथे सूर्य समुद्रातून उगवतो, आणि आपल्याला तो समुद्रात बुडताना बघायची सवय. डेक्लन स्लायगोजवळच्या एका गावचा. तो म्हणाला, चला, माझ्याकडे योग्य बाजूचा समुद्र आहे. तुम्ही मला विचारलंत, येतेस? मी म्हटलं, काम आहे. काम नव्हतं. मला फक्त तुमच्यापासून एक दिवस हवा होता. तुम्ही गाडीत पुढच्या सीटवर बसलात आणि काच खाली करून म्हणालात, "घरा वच, थंडी आसा." घरात जा, थंडी आहे. शुद्धीत असताना तुम्ही माझ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

डेक्लन म्हणतो, सूर्य बुडायला अजून तासभर होता. तुम्ही वाळूत बाकावर बसला होतात. तुम्ही काहीतरी बोलायला गेलात आणि शब्द तोंडात वेडावाकडा झाला, आणि उजवा हात मांडीवरून घसरला. तो तुम्हाला उचलून गाडीपर्यंत घेऊन गेला. मला तो दहादा सांगतो की ढग इतके होते की तसंही काही दिसलं नसतं. त्याला वाटतं याने मला बरं वाटेल.

तुम्ही सोमवारी सकाळी गेलात. स्लायगोच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी, नर्सनी काही कमी केलं नाही, हे मला लिहायचंच आहे. शुक्रवारी डब्लिनला दहन झालं. आम्ही चौघं-पाचजण असू असं मी धरलं होतं. साठ-सत्तर माणसं आली. इथे रांग लावून येतात, प्रत्येक जण हात हातात घेतो आणि म्हणतो, तुझ्या दुःखात आम्ही आहोत, आणि पुढे सरकतो. त्या बैठकीतली माणसं होती. दम्याच्या मुलाची आई होती. नगरसेविका होती. तिने मला विचारलं, "तुमचे वडील नक्की काय होते?" मी म्हटलं, वकील. मग म्हटलं, काही वर्षं आमदार. ती म्हणाली, "किती वर्षं?" आणि मला उत्तर देता येईना, भाई. एका खुर्चीपुरतं मी तुम्हाला इतकं मोजलं होतं की बाकीची वर्षं कधी मोजलीच नव्हती. कितीजणांची घरं वाचली, कुठल्या गावात पहिल्यांदा वीज आली, तुम्ही सभागृहात काय बोललात, यातलं मला काहीही माहीत नाही.

आणि मग काल डेक्लन. मी त्याला पुन्हा आत आणलं, बसवलं, चहा दिला आणि सगळं नीट विचारलं. तुम्ही त्याला सांगितलं होतं ते असं. तुम्ही पणजीला जायला गाडीत बसला होतात. शाळेतून शिपाई सायकलवर आला, मुलगी तापाने फणफणली आहे, घेऊन जा म्हणून. आई तिच्या माहेरी गेली होती. गल्लीतला डॉक्टर जागेवर नव्हता, म्हणून नदीपलीकडच्या डॉक्टरकडे नेलं. मतदान चुकलं.

"मग त्यांनी हे लोकांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं," डेक्लन म्हणाला. "म्हणाले, सांगितलं असतं तर सगळ्या गावाने त्या पोरीला धरलं असतं. तुझ्यामुळे ठराव पडला म्हणून."

मग, प्रामाणिक माणूस आहे म्हणून, तो पुढचंही बोलला. "आणि ते असंही म्हणाले, की शिपाई आला तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटलं. ते मला नीट कळलं नाही. तुला कळतं का?"

आज सकाळी शालूमावशीला फोन केला तो यासाठी. ती त्या वर्षी आपल्याकडे राहून कॉलेज करत होती, आई माहेरी गेली की घर तीच बघायची. तिला ताप आठवतो. चांगला एकशे तीन, रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या म्हणते. पण तो संध्याकाळी चढला म्हणते. फेरीबोटीतला वारा लागला असेल.

"आणि सकाळी?" मी विचारलं.

"सकाळी मी कॉलेजात. मला कसं कळणार?"

"गल्लीतला डॉक्टर तेव्हा गावात होता?"

"असेल. नसेल. अगे, तो तर बहुतेक पत्ते खेळायलाच असायचा."

म्हणजे ताप होता. सकाळपासून असेल तर तुम्ही बाप म्हणून वागलात आणि मी तुम्हाला तीस वर्षं पळपुटा समजले. संध्याकाळी आला असेल तर तुम्ही आधी पळालात, मग ताप आला, आणि कधीतरी त्या दोघांची जागा बदलली, एवढी हळूहळू की तुम्हालाही कळलं नाही. तिसरं म्हणजे दोन्ही खरं. शिपाई आला, पोरीला कणकण होती, आणि तुमच्या जिवाला सुटल्यासारखं वाटलं, कारण घरची एक भाषा आणि देवघरची एक, यांतल्या एकीसाठी हात वर करायची वेळ तुमच्यावरून टळली. मी सकाळपासून या तिन्हींत फिरतेय. जरा वेळ एक पटतं, मग दुसरं. ईराला विचारलं. ती म्हणाली, "डझ इट मॅटर, मम्मा? ही टुक यू ऑन अ बोट." तिला वाटतं यात गोंधळण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मी डेक्लनला सांगितली नाही, मावशीलाही नाही. रविवारी दुपारची. तुम्ही स्लायगोच्या हॉस्पिटलात खिडकीजवळच्या खाटेवर होता. इंग्रजी तुमच्यातून पूर्ण गेलं होतं. डॉक्टर बोलले की तुम्ही छताकडे बघायचात. केरळची एक नर्स होती, तिने हिंदीत विचारून बघितलं, तेही नाही. ती तुमच्या कपाळाला हात लावून, यंत्र कानाशी धरून ताप बघून गेली. तिचा हात निघाला तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे बघून अडखळत म्हणालात, "जोर देंवलो?"

ताप उतरला का?

मी म्हटलं, "तुका जोरच ना, भाई." तुला ताप नाहीच.

तुम्ही मान हलवलीत. ते नको होतं तुम्हाला. डावा हात उचलायला गेलात, माझ्या तोंडापर्यंत पोचेना, म्हणून मी खाली वाकले. तुम्ही तळवा माझ्या कपाळावर टेकवलात आणि पुन्हा तेच विचारलंत. मला वाटलं, भ्रम झालाय, आईशी बोलताय. तुम्हाला शांत वाटावं म्हणून मी म्हटलं, "हय, देंवलो." हो, उतरला. हात लगेच काढला नाहीत. खात्री करून घेत होतात. मग डोळे मिटलेत, आणि त्यानंतर काही विचारलं नाहीत.